रक्तातला आकडा आणि अंगावरचं ऊन

जानेवारीत मावशीचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता. "अगं, सापडलं बघ कारण! माझं व्हिटॅमिन डी फक्त अकरा आलंय. म्हणूनच इतकी वर्षं वजन हलत नव्हतं." मावशी अठ्ठावन्न वर्षांची. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघे धरलेले, पोट सुटलेलं, साखर तीन वर्षांपासून 'बॉर्डरवर'. सोसायटीतल्या तपासणी शिबिरात तिने रक्त दिलं, चार पानी रिपोर्ट आला आणि त्यात एक ओळ ठळक लाल अक्षरांत होती. साठ हजार युनिटची कॅप्सूल आठवड्याला एक, अशी आठ आठवडे घ्यायची ठरली. दर रविवारी दुधाबरोबर तिने ती घेतली, एकदाही चुकवली नाही. मार्चअखेर डी चौतीसवर पोचलं. वजन जिथल्या तिथे, साखरही जिथल्या तिथे. "मग माझं काय चुकलं गं?" असं तिने मला विचारलं. हा लेख त्या प्रश्नापायी लिहिते आहे.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला सांगितली गेलेली गोष्टच उलटी होती. डी कमी म्हणून वजन वाढतं, असं तिने धरून ठेवलं होतं. आजवर जमलेला पुरावा बहुतांशी दुसऱ्या दिशेने बोट दाखवतो: अंगावर चरबी वाढते म्हणून रक्तातलं डी उतरतं. वाक्यातले दोन शब्द इकडचे तिकडे केले एवढाच हा फरक वाटेल, पण पैसा, धीर आणि वर्षं कुठे खर्च करायची हे या फरकावर ठरतं. आज शहरातल्या जवळपास प्रत्येक मध्यमवर्गीय घरात डीचा एक रिपोर्ट आणि कॅप्सूलची एक पट्टी असते. त्यामुळे ही गोष्ट नीट समजून घेणं मला निकडीचं वाटतं.

जीवनसत्त्व म्हणत असलो तरी डी हे इतर जीवनसत्त्वांसारखं नाही. ते मुख्यतः ताटातून येत नाही, कातडीत तयार होतं. सूर्यप्रकाशातले 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडापासून डी बनतं. मग यकृतात त्याला एक संस्कार मिळतो आणि मूत्रपिंडात दुसरा; तेव्हा कुठे ते कामाचं होतं. प्रयोगशाळा मोजते तो आकडा यकृतातल्या संस्कारानंतरचा. बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांतून थोडं डी मिळतं. शाकाहारी ताटातून जवळजवळ काहीच नाही.

आणि डी तेलात विरघळतं, पाण्यात नाही. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे.

2000 साली बॉस्टनमधल्या संशोधकांनी लठ्ठ आणि सडपातळ अशा दोन गटांना सारखाच अतिनील प्रकाश दिला. दोघांच्या त्वचेत डी बनवण्याची क्षमता सारखीच होती. तरीही रक्तात चढलेलं डी लठ्ठ गटात 57 टक्क्यांनी कमी भरलं. बनलेलं डी गेलं कुठे? चरबीत मुरलं. पुढे 2012 मध्ये ड्रिंचिक, हीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी साधं स्पष्टीकरण मांडलं. चरबी डीला कोंडून ठेवते असंही मानायला नको. देह मोठा म्हणून तेवढंच डी जास्त जागेत पसरतं. वाटीभर आमटीत चिमूटभर मीठ टाकलं तर ती खारट लागते, पातेलंभर आमटीत तेवढ्याच चिमटीने अळणी राहते. मीठ तेवढंच, पातेलं बदललं. शिवाय लठ्ठपणात यकृतातला तो पहिला संस्कारही मंदावतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे मावशीच्या रिपोर्टमधला अकरा हा आकडा तिच्या वजनाचा उगम नव्हता. त्यात बराचसा हिशेब वजनाचाच होता.

"पण दोन गोष्टी एकत्र दिसतात तेव्हा कोणती आधी आणि कोणती नंतर हे ठरवायचं कसं?" असा प्रश्न वाचकाच्या मनात यावा आणि तो रास्तच आहे. याचं सर्वांत सुंदर उत्तर 2013 मध्ये आलं. करणी विमलेश्वरन, एलिना ह्युप्पोनेन आणि त्यांच्या मोठ्या गटाने 21 अभ्यासांतल्या 42,024 माणसांची जनुकं तपासली. जनुकं जन्माआधीच ठरतात, जणू चिठ्ठ्या टाकून वाटल्यासारखी. पुढे माणूस काय खातो, उन्हात जातो की नाही, गरीब की श्रीमंत, यांपैकी कशानेही ती बदलत नाहीत. काहींच्या वाट्याला वजन वाढवणारी जनुकं येतात, काहींच्या वाट्याला डी कमी ठेवणारी. आता बघा: साध्या मोजमापात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा अंक) एकाने वाढला की डी सुमारे 1.15 टक्क्याने खाली दिसत होतं; आणि वजन वाढवणारी जनुकं असलेल्यांचं डी खरोखर कमी भरलं. उलट डी कमी ठेवणारी जनुकं असलेल्यांचं वजन मात्र जास्त भरलं नाही. रस्ता एकेरी निघाला. हे लोक युरोप आणि उत्तर अमेरिकेतले होते, हे सांगायलाच हवं. पण चरबीत विरघळण्याचा गुणधर्म देशाप्रमाणे बदलत नाही.

तरीही औषध देऊन बघितल्याशिवाय शेवटचा निवाडा देऊ नये. तेही झालं आहे, आणि मोठ्या प्रमाणावर झालं आहे.

अमेरिकेतल्या 'डीटूडी' चाचणीचा निकाल 2019 मध्ये लागला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 2,423 जणांना दोन गटांत वाटलं. एका गटाला रोज 4,000 युनिट डी, दुसऱ्याला दिसायला तशीच पण रिकामी गोळी. सरासरी अडीच वर्षांनंतर डी घेणाऱ्या 1,211 जणांपैकी 293 जणांना मधुमेह झाला, न घेणाऱ्या 1,212 पैकी 323 जणांना. बारा टक्क्यांचा फरक. पण तो योगायोगानेही पडू शकला असता, असं संख्याशास्त्राने सांगितलं. 'व्हायटल' नावाच्या दुसऱ्या चाचणीत 25,871 माणसं होती, रोज 2,000 युनिट, पाच वर्षांहून अधिक काळ. हृदयविकार कमी झाला नाही, कर्करोग कमी झाला नाही आणि 2022 च्या विश्लेषणात हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी झालेलं दिसलं नाही. त्याच चाचणीत असंही आढळलं की तेवढीच मात्रा घेऊनही लठ्ठ लोकांच्या रक्तात डी कमी चढलं. पुन्हा पातेल्याचाच हिशेब.

इथे माझ्या म्हणण्याला अडचणीचे ठरणारे पुरावेही समोर ठेवते. 'डीटूडी'मध्ये सामील झालेल्या बहुतेकांचं डी आधीपासूनच बरं होतं. भरलेल्या भांड्यात ओतून काय कळणार, हा आक्षेप खरा आहे. त्याच चाचणीत ज्यांचा बीएमआय 30 च्या खाली होता, त्यांच्यात मधुमेहाचा धोका 29 टक्क्यांनी कमी दिसला. 2023 मध्ये तीन चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात मधुमेहपूर्व अवस्थेतल्या लोकांना एकूण 15 टक्के फायदा दिसला. तो छोटा आहे, पण आहे. म्हणूनच 2024 मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे संप्रेरक-तज्ज्ञांच्या संघटनेने, ज्यांना मधुमेहाचा धोका जास्त आहे त्यांनी जीवनशैली बदलण्याच्या जोडीला डी घ्यायला हरकत नाही, असं सुचवलं. वाक्यातला 'जोडीला' हा शब्द महत्त्वाचा. आणि याच सोसायटीने, निरोगी प्रौढांची, लठ्ठ असले तरी, डीची तपासणी सरसकट करू नका, असंही सुचवलं. तीस हा आकडा गाठलाच पाहिजे, ही 2011 पासूनची आपली भूमिकाही तिने मागे घेतली. आमच्याकडच्या रिपोर्टांवर तो तीस अजून तसाच छापून येतो.

आता हेच प्रमाण दुसऱ्या बाजूने पाहा. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत अशाच उंबरठ्यावरच्या माणसांना आठवड्याला दीडशे मिनिटं चालायला आणि वजन सात टक्क्यांनी उतरवायला मदत केली. मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाने 31 टक्क्यांनी. तिकडचं इकडे चालेल का, ही शंका 2006 मध्ये चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर केलेल्या चाचणीने फेडली: जीवनशैली बदलून साडेअठ्ठावीस टक्के. एकीकडे बारा-पंधरा, तेही धूसर. दुसरीकडे अठ्ठावीस ते अठ्ठावन्न, आणि स्पष्ट. तरीही शिबिरातून घरी परतणाऱ्या माणसाच्या हातात कोणती गोष्ट पडते? आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपली जुनी म्हण आहे. पखालीला औषध लावणं सोपं असतं, ती हलत नाही, लाथ मारत नाही.

मग डी कमी असलेली माणसं जास्त आजारी का दिसतात? शेकडो अभ्यासांत हे दिसलं आहे. तो भास नाही. 2014 मध्ये फिलिप ऑतिए आणि सहकाऱ्यांनी या साऱ्या पुराव्याचा मोठा आढावा घेतला आणि निष्कर्ष काढला की कमी डी ही बहुधा आजारपणाची खूण आहे, कारण नव्हे. शरीरात दाह असला की डी उतरतं. चालता येत नाही, बाहेर जाता येत नाही, तेव्हाही उतरतं. वैद्यकाने याआधी अशीच एक ठेच खाल्ली आहे. भाज्या-फळांतलं बीटा-कॅरोटीन रक्तात जास्त असणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्याच्या गोळ्यांची चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त. भाज्या-फळं खाणारं आयुष्य हितकारक होतं. त्या आयुष्यातून एक रेणू वेगळा काढून गोळीत भरला तर हित त्याच्याबरोबर आलं नाही.

डीच्या बाबतीत मला नेमकं हेच म्हणायचं आहे. ऊन अंगावर घेणं आणि अंग हलवणं ही माणसाच्या इतिहासात बहुतांश काळ एकच कृती होती. नांगर धरला, पाणी आणलं, गुरं वळली, बाजाराला पायी गेलं की दोन्ही आपोआप घडत. रक्तातलं डी म्हणजे अशा आयुष्याची सावली. सावलीवरून माणूस किती वेळ उन्हात उभा होता हे कळतं, पण सावली विकत आणून जमिनीवर अंथरली म्हणून माणूस तिथे उभा राहत नाही.

भारतात, आणि त्यातही महाराष्ट्रात, या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तो पुण्यातच उलगडला. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. वजनकाट्यावर दोघं भाऊभाऊ, आतून मात्र दोन वेगळी माणसं. याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आमच्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान; चरबी मात्र जवळपास राखलेली. किडकिडीत तरीही मेदयुक्त, अशी ही जन्मापासूनची ठेवण.

म्हणून आमच्याकडे 'लठ्ठ' कोण, हे डोळ्यांनी कळत नाही. पाश्चात्त्यांसाठी बीएमआय 30 ला लठ्ठपणा धरतात, आमच्या तज्ज्ञांनी ती रेघ 25 वर आणली. कंबर पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटीमीटर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण लठ्ठपणा 28.6 टक्के प्रौढांत, पण पोटाचा लठ्ठपणा 39.5 टक्क्यांत निघाला. मधुमेही दहा कोटींहून जास्त. सर्व राज्यांत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त कुठे? गोव्यात, 26.4 टक्के. वर्षभर ऊन, समुद्र, ताटात बांगडा-तारली असलेलं राज्य. ऊन आणि मासळी यांनी मधुमेहाला अडवायचं असतं तर ते आधी तिथे अडवलं असतं.

मुंबईत केईएमच्या डॉक्टरांनी 25 ते 35 वयाच्या हजाराहून अधिक निरोगी तरुणांची तपासणी केली होती. 2011 मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुमारे सत्तर टक्क्यांचं डी वीसच्या खाली. जी गोष्ट दहांतल्या सातांमध्ये कमी आहे, तिच्यावर बोट ठेवून 'तुमचं वजन यामुळे' असं एकाला सांगणं म्हणजे पावसाळ्यात ओली छत्री पाहून 'घर यामुळेच गळतंय' म्हणण्यासारखं आहे. सात जणांतले काही किडकिडीत असतात, काही जाड, काहींची साखर चढलेली, काहींची नाही. फरक करणारी गोष्ट दुसरीकडे आहे: कंबरेत, स्नायूंत, झोपेत, ताटातल्या भात-पोळीच्या प्रमाणात, दिवसभराच्या बसण्यात.

एवढं वाचून कुणी घरातली कॅप्सूल कचऱ्यात टाकू नये. डी निरुपयोगी आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही. हाडांसाठी ते अत्यावश्यक आहे आणि हा इतिहास आपल्या मातीतलाही आहे. मुडदूस हा रोग उन्हाने बरा होतो, हे 1919 मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याखाली मुलांना बसवून दाखवलं. अमेरिकी शास्त्रज्ञ मॅककॉलम यांनी कॉड माशाच्या तेलातल्या गुणकारी द्रव्याला डी हे नाव दिलं ते 1922 मध्ये. नेमक्या त्याच वर्षी हचिसन आणि शाह या दोघांचा मुंबई इलाख्यातल्या मुडदुसावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना काय दिसलं? चांगलं खाणाऱ्या, पण पडद्यात राहणाऱ्या घरांतल्या लेकरांची आणि बायकांची हाडं वाकलेली. आणि कोरड्या भाकरीवर जगणाऱ्या, दिवसभर शेतात आईबरोबर राहणाऱ्या पोरांची हाडं सरळ. शंभर वर्षांपूर्वी ऊन गरिबाला फुकट मिळत होतं आणि प्रतिष्ठेने ते घराबाहेर अडवलं होतं. हे वाचलं तेव्हा मला तिसऱ्या मजल्यावरची मावशी आठवली. पडदा गेला, फ्लॅट आला.

हाडं ठिसूळ झालेल्या, अंगभर दुखणं घेऊन फिरणाऱ्या बाया आपल्याकडे आजही आहेत आणि 'वयोमानाने होतंच' म्हणून त्यांना गप्प केलं जातं. त्यांना डी मिळालंच पाहिजे. गरोदर बाई, वाढतं मूल, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, आतड्याचे वा मूत्रपिंडाचे रुग्ण, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले, यांच्याबाबत वाद नाही. आयसीएमआरने 2020 मध्ये निरोगी प्रौढाची रोजची गरज 600 युनिट धरली, म्हणजे 15 मायक्रोग्रॅम. साठ हजारांची कॅप्सूल म्हणजे शंभर दिवसांचा तो वाटा एका घोटात. कमतरता खरी असेल आणि डॉक्टरांनी ठराविक आठवड्यांसाठी दिली असेल तर तिचा उपयोग आहे. पण अनेक घरांत ती 'शक्तीची' म्हणून वर्षानुवर्षं चालू राहते, शेजारणीला दिली जाते, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली जाते. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सत्तरी ओलांडलेल्या 2,256 बायकांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिलं गेलं. त्या कमी पडतील, कमी मोडतील अशी आशा होती. डी घेतलेल्या बायका पडल्या 15 टक्के जास्त, हाडं मोडली 26 टक्के जास्त. 'जास्त घेतलं तर काय बिघडतं' याचं उत्तर तिथे आहे. बेताल डोसांनी रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडं खराब झालेले रुग्णही आपल्याकडच्या डॉक्टरांनी पाहिले आहेत.

आणि उलट बाजूने वजन उतरलं तर? अमेरिकेत सिअॅटलमध्ये पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या बायकांचा एक अभ्यास झाला. आहार आणि व्यायामाने ज्यांचं वजन 15 टक्क्यांहून जास्त उतरलं, त्यांचं डी सरासरी 7.7 अंकांनी आपोआप चढलं. त्यासाठी गोळी न देता. पातेलं लहान झालं की तीच चिमूट चव आणते.

मला सर्वांत जास्त सलतं ते हे की रिपोर्टमधली लाल ओळ जाड माणसाला क्षणभर दिलासा देते आणि मग पुन्हा तिथेच सोडून देते. लठ्ठ माणसाला आपल्याकडे कुणी रुग्ण मानत नाही, आळशी मानतात. लग्नात, बसमध्ये, ऑफिसात त्याला ऐकवलं जातं. अशा माणसाला 'दोष तुमचा नाही, डीचा आहे' असं कुणी सांगितलं तर तो ते घट्ट धरणारच. मावशीच्या आवाजातला आनंद याच जातीचा होता. तिचा दोष नाही, हे खरंच आहे. पण कारण कॅप्सूलच्या पट्टीत मावणारं नाही. बावीस वर्षं बँकेत खुर्चीवर, मग सासूचं आजारपण, मग गुडघे, रस्त्यावर फूटपाथ नाही, असलेल्या फूटपाथवर दुचाक्या. संध्याकाळी सातला बाहेर पडावं तर दिवे नाहीत. या बाईला 'चालत जा' असं नुसतं सांगणं हाही एक प्रकारचा क्रूरपणाच आहे.

आणि तिला ऊन तरी कुठून मिळावं? आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या 'कोवळं ऊन' चांगलं मानलं. बाळाला तेल लावून सकाळच्या उन्हात ठेवायचं. त्याची ऊब खरी, माया खरी, पण सकाळी सातच्या तिरप्या उन्हात डी बनवणारे किरण फारसे पोचतच नाहीत; हवेच्या लांबलचक थरात ते गळून जातात. तिरुपतीत डॉ. हरिनारायण यांनी मोजून दाखवलं की डी सर्वांत जास्त बनतं ते सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान. सोपी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा. लंडनमध्ये हिवाळ्यात तशी सावली पडतच नाही. पुण्यात ती 21 डिसेंबरलाही भर दुपारी पडते. निसर्गाने आपल्याला एकही दिवस वगळलेलं नाही. सावळ्या त्वचेला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन मात्र चालत नाही; काच नेमके तेच किरण अडवते. म्हणून काचेच्या इमारतीत दिवसभर उजेडात बसलेला अभियंता डीच्या दृष्टीने अंधारात असतो.

त्याच्या जोडीला 'काळी पडशील' ही धमकी. मुलगी दहा वर्षांची झाली की तिला दुपारी मैदानातून आत बोलावतात. पुढे स्कूटरवर तोंडाला, मानेला, हातांना स्कार्फ गुंडाळून ती भर मेमध्येच नाही, डिसेंबरातही जाते. धूळ आणि धूर हे कारण खरं आहे. गोऱ्या रंगाचं वेड हेही तेवढंच खरं आहे, आणि त्याची किंमत हाडांनी चुकवली जाते. दिल्लीत 2002 मध्ये दिसलं होतं की प्रदूषित वस्तीतल्या तान्ह्या मुलांचं डी स्वच्छ हवेतल्या मुलांच्या निम्म्याहून कमी आहे. हवेतला धूर किरणांनाही गिळतो.

विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराला कुणी उन्हात उभं राहावं, असं मी म्हणणार नाही. तिथे ऊन जीव घेतं. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला उन्हाचे फायदे सांगणंही अनाठायी आहे. त्याला सावली हवी. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर इथली दुपार सोसवेल अशी असते. अकराच्या पुढे अर्धा तास, दंड आणि पोटऱ्या उघड्या ठेवून चालणं. यात डी मिळतं, आणि डीपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट मिळते: चाललेली पोटरी रक्तातली साखर ओढून घेते. कॅप्सूलला ते काम जमत नाही.

मावशीला मी हेच सांगितलं. तिने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी अकरा वाजता गुडघ्याला पट्टा बांधून घराजवळच्या महापालिकेच्या बागेत गेली. फाटकाला कुलूप होतं. बाग सकाळी सहा ते साडेदहा आणि दुपारी साडेचार ते आठ. ज्या तासांत त्या बागेत औषध पडलेलं असतं, नेमक्या त्या तासांत ती बंद. शहरातल्या कितीतरी बागांची वेळ अशीच आहे.

मावशीने प्रभाग कार्यालयात अर्ज दिला आहे. सोसायटीतल्या एकोणीस बायकांच्या सह्या आहेत त्यावर. मागणी एका ओळीची आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाग दुपारी उघडी ठेवा. तुमच्या प्रभागातली बाग दुपारी बंद राहत असेल तर तुम्हीही असा अर्ज द्या.